कार्यालयातील वस्तूंची नोंद आणि दुरुस्तीच्या तक्रारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधील लहान-मध्यम कार्यालयांचे प्रशासन सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी आधी कॉलेज रोडवरील एका कार्यालयात हे काम पाहत होते आणि आता अंबड औद्योगिक वसाहतीत पाहते. दहा ते शंभर माणसांचे कार्यालय डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत.

आमच्याकडे जेमतेम बारा माणसे आहेत. एवढ्याशा पसाऱ्यासाठी नोंद ठेवण्याची गरज आहे का?

आहे. बारा माणसांच्या कार्यालयातही टेबले, खुर्च्या, संगणक, दोन प्रिंटर, यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या, दोन-तीन एसी, पाण्याचा फिल्टर, राउटर, सीसीटीव्हीचे कॅमेरे आणि अग्निशामक सिलिंडर असे मोजायला घेतले, तर शंभराच्या आसपास नग सहज भरतात. लहान कार्यालयात या सगळ्यांची माहिती बहुधा एकाच माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस गावी लग्नाला गेला की आतल्या खोलीतील एसीची वॉरंटी शिल्लक आहे की नाही, प्रिंटरचा मिस्त्री कोण आणि मागच्या वेळी त्याने काय बदलले, हे कोणालाच सांगता येत नाही. मोठ्या कार्यालयात निदान विचारायला दुसरा कोणीतरी असतो, लहान कार्यालयात तोही नसतो.

सुरुवात नेमकी कोठून करावी?

कार्यालयात एक फेरी मारण्यापासून. कामाचा ताण कमी असेल अशी एक दुपार ठरवावी आणि दोघांनी मिळून फिरावे; एकाने वस्तू पाहून वाचत जावे, दुसऱ्याने लिहीत जावे. खोलीच्या दारातून आत शिरल्यावर उजव्या हाताच्या भिंतीपासून सुरुवात करून पुन्हा दारापाशी यावे, म्हणजे कोपऱ्यातील वस्तू सुटत नाही आणि एकच खुर्ची दोनदा मोजली जात नाही. वस्तूचे नाव, कंपनी आणि मॉडेल, सिरीयल नंबर, ती कोणत्या खोलीत आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे, एवढेच पहिल्या दिवशी लिहावे. सिरीयल नंबरची पट्टी बारीक अक्षरांत आणि अडचणीच्या जागी असते, म्हणून ती उतरवून घेण्यापेक्षा मोबाइलवर तिचा फोटो काढावा आणि नंतर टेबलाशी बसून शांतपणे वाचावी. शून्य आणि ओ, किंवा आठ आणि बी, यांची गल्लत हमखास होते आणि वॉरंटीची तक्रार नोंदवताना तीच नडते.

खरेदीची तारीख, बिल क्रमांक, पुरवठादार आणि वॉरंटीची शेवटची तारीख हे रकाने सुरुवातीला रिकामे राहिले तरी चालतील. जुनी बिले सापडेपर्यंत थांबायचे असे ज्यांनी ठरवले, त्यांची यादी वर्षभर सुरूच झाली नाही, हे मी एकाहून अधिक कार्यालयांत पाहिले आहे. सरकारी कार्यालयांत वस्तूंची अशी नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये पूर्वापार होत आली आहे आणि तिची मांडणी आजही खासगी कार्यालयाला उपयोगी पडण्यासारखी आहे.

वस्तूंना क्रमांक कसे द्यावेत?

साधे, चढते आणि पुन्हा कधीही न वापरता येणारे. आमच्याकडे पहिले क्रमांक खोली आणि विभागावरून दिले होते. हिशेब विभागातील तिसरी खुर्ची, स्वागतकक्षातील पहिला संगणक असे. सहा महिन्यांत हिशेब विभाग वरच्या मजल्यावर गेला, खुर्च्या इकडून तिकडे झाल्या आणि क्रमांक खोटे बोलू लागले. म्हणून जागा, विभाग आणि माणूस हे तिन्ही क्रमांकात आणू नयेत. ते बदलत राहतात आणि त्यांच्यासाठी वेगळे रकाने आहेत. ०००१ पासून सरळ मोजत जावे. वस्तू भंगारात गेली तरी तिचा क्रमांक दुसरीला देऊ नये, नाहीतर जुन्या प्रिंटरच्या तक्रारी नव्या प्रिंटरच्या नावावर चढतात.

एक्सेल वापरत असाल, तर क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार आधीच मजकूर असा ठरवून घ्यावा, अन्यथा पुढची शून्ये गळून ००१४ चे १४ होते. अंक देवनागरी लिहायचे की इंग्रजी, हेही पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे. एकाने एका लिपीत आणि दुसऱ्याने दुसऱ्या लिपीत लिहिले की शोधताना नोंद सापडत नाही.

स्टिकर महिनाभरात निघून जातात. त्यावर उपाय काय?

बहुतेक वेळा दोष स्टिकरचा नसून जागेचा असतो. खुर्चीच्या पाठीवर लावलेले स्टिकर घासून जाते. तेच बैठकीच्या खाली, उंची कमीजास्त करण्याच्या दांड्याजवळ लावले तर टिकते. लॅपटॉपच्या झाकणावर न लावता तळाला, हवेची जाळी सोडून लावावे. भिंतीवरच्या एसीचे स्टिकर खालून वाचता येत नाही, म्हणून तोच क्रमांक त्याच्या स्विचच्या पेटीवरही लावावा. गच्चीवरील किंवा खिडकीबाहेरील युनिटवर कागदी स्टिकर उन्हापावसात टिकत नाही, तेथे पेंट मार्करने सरळ पत्र्यावर लिहावे. लावण्याआधी जागा कोरड्या फडक्याने पुसणे आवश्यक आहे. अंबड-सातपूरच्या धुळीत हे विसरून चालत नाही.

कोणत्या वस्तू यादीत घेऊ नयेत?

स्टेपलर, पंच, कात्री, माऊस, कॅलक्युलेटर आणि डस्टबिन. ज्या वस्तूची दुरुस्ती करायला आपण कोणालाही बोलावणार नाही आणि जी हरवली तर फक्त नवी आणू, ती यादीत नसावी. यादी जितकी लांब, तितकी ती अद्ययावत ठेवण्याची शक्यता कमी.

वही, एक्सेल की सॉफ्टवेअर?

शंभर नगांपर्यंत आणि एकच माणूस नोंद ठेवणार असेल, तर आखलेली वही उत्तम चालते. दोन किंवा अधिक माणसांना एकाच वेळी नोंद पाहायची असेल, तर गूगल शीटसारखे सामायिक पत्रक घ्यावे आणि तक्रारींसाठी त्याला गूगल फॉर्म जोडावा. हा फॉर्म मराठीत करता येतो, मोबाइलवर उघडतो आणि नोंद झाल्याची तारीख-वेळ आपोआप टाकतो. अनेक शाखा आणि शेकडो संगणक असतील, तर स्नाइप-आयटी किंवा जीएलपीआय यांसारख्या मुक्त-स्रोत प्रणालींचा विचार करावा. त्या विनाशुल्क मिळतात, पण सर्व्हरवर बसवून चालत्या ठेवण्यासाठी जाणकार माणूस लागतो आणि त्याचा खर्च गृहीत धरावा लागतो.

माझे मत विचाराल, तर प्रत्येकाने निदान तीन महिने वही किंवा पत्रकावर काढावेत. आपल्याला कोणते रकाने खरोखर लागतात, हे त्या तीन महिन्यांत कळते. ते कळण्याआधी घेतलेल्या सॉफ्टवेअरमधील निम्मे रकाने कायम रिकामे राहतात.

सगळ्या तक्रारी व्हॉट्सॲपच्या गटावर येतात. तेवढे पुरेसे नाही का?

पुरेसे नाही, आणि याची किंमत मी स्वतः पाहिलेली आहे. पूर्वीच्या एका कार्यालयात जूनमधल्या एका शनिवारी एका सहकारी ताईंनी गटावर लिहिले होते, ‘आतल्या एसीतून थेंब थेंब पाणी पडते आहे, कोणीतरी बघा.’ त्याच सकाळी एकाचा वाढदिवस होता. शुभेच्छा, केकचे फोटो आणि उलट आभार यांखाली तो एका ओळीचा निरोप तासाभरात दिसेनासा झाला. वाचला सर्वांनी, आणि ‘कोणीतरी’ म्हणजे आपण नव्हे असेही सर्वांनाच वाटले. सोमवारी कुलूप उघडले तेव्हा एसीखालच्या टेबलावरील प्रिंटरच्या कागदाच्या ट्रेमध्ये पाणी साचले होते, कागदाचा गठ्ठा फुगून ट्रेमध्ये घट्ट बसला होता आणि यंत्र सुरू केल्यावर आतून जळका वास आला. निचऱ्याच्या नळीत अडकलेला शेवाळाचा बोळा काढायला मिस्त्रीला दहा मिनिटे लागली. प्रिंटर मात्र कायमचा गेला.

गट बंद करण्याची गरज नाही, कारण लोकांचा हात आधी तिकडेच जातो. नियम एवढाच करावा की गटावर आलेली तक्रार नेमलेल्या माणसाने त्याच दिवशी नोंदवहीत चढवावी आणि तिचा तक्रार क्रमांक गटावर उत्तर म्हणून द्यावा. क्रमांक मिळाला म्हणजे तक्रार नोंदली गेली, नाही मिळाला म्हणजे नोंदली गेलेली नाही, हे एकदा सर्वांना ठाऊक झाले की तक्रार करणारे स्वतःच क्रमांक मागू लागतात.

तक्रारीच्या नोंदीत काय काय असावे?

तक्रार क्रमांक, तारीख, वस्तूचा क्रमांक, तक्रार करणाऱ्याचे नाव, अडचण तिच्या किंवा त्याच्याच शब्दांत, काम कोणाकडे दिले, काय केले, खर्च किती आणि तक्रार कधी बंद झाली. यांतला वस्तूचा क्रमांक हा सर्वांत मोलाचा रकाना आहे आणि नेमका तोच लोक गाळतात. ‘प्रिंटर बिघडला’ असे लिहिलेल्या दहा तक्रारींतून काहीच हाती लागत नाही. त्याच दहांपैकी सात ००३१ क्रमांकाच्या आहेत असे दिसले की काय करायचे ते लगेच कळते. वस्तूंची यादी आणि तक्रारींची वही या दोन वेगळ्या गोष्टी असल्या, तरी त्यांना जोडणारा हा एकच धागा आहे.

नोंद कशी असावी, याचा नमुना असा : ‘तक्रार ११८. ९ जुलै. वस्तू ००३१, हिशेब विभागातील लेझर प्रिंटर. दोन्ही बाजूंनी छापताना कागद अडकतो, एका बाजूने छापताना अडकत नाही. मिस्त्रीला ९ तारखेला दुपारी फोन. १० तारखेला कागद ओढणारा रबरी रोलर बदलला, ६५० रुपये. ११ तारखेला वीस पाने दोन्ही बाजूंनी छापून पाहिली, अडचण नाही. बंद.’ ‘दोन्ही बाजूंनी छापताना’ हे तीन शब्द लिहिले नसते, तर मिस्त्री एक पान छापून ‘चालतोय की’ म्हणून निघून गेला असता.

कोणती तक्रार आधी घ्यावी?

तीन पायऱ्या पुरतात. विजेचा झटका, ठिणगी, जळका वास, पाण्याची गळती आणि आगीशी संबंधित काहीही लगेच. त्यासाठी फॉर्म भरत बसू नये, आधी स्विच बंद करावा, फोन करावा आणि नोंद मागाहून करावी. ज्यामुळे एखाद्याचे किंवा अनेकांचे काम थांबले आहे, ते त्याच दिवशी. उरलेले आठवड्याभरात. तक्रार साहेबांच्या केबिनमधील आहे म्हणून तिला वरची पायरी देऊ नये. हे मालकांनी स्वतः एकदा सर्वांसमोर सांगितले, तर प्रशासन पाहणाऱ्या माणसाचे काम फार सुकर होते.

तक्रार बंद झाली असे कोणी ठरवावे?

जिने किंवा ज्याने ती केली, त्या माणसाने. मिस्त्री ‘झाले’ म्हणतो तेव्हा त्याचे काम झालेले असते, आपली अडचण दूर झालेली असतेच असे नाही. वहीत दोन वेगळे रकाने ठेवावेत, दुरुस्तीची तारीख आणि खात्रीची तारीख. दुसऱ्यात तक्रारदाराची सही घ्यावी किंवा त्याचे उत्तर नोंदवावे. दोन दिवस विचारूनही उत्तर आले नाही, तर तसे लिहून तक्रार बंद करण्यास हरकत नाही.

वार्षिक देखभालीचा करार असेल, तर वेगळी नोंद कशाला?

करार असेल तर नोंदीची गरज अधिक आहे. करारात वर्षाला किती नियमित भेटी लिहिल्या आहेत, सुटे भाग त्यात धरले आहेत की फक्त मजुरी, आणि तक्रारीनंतर किती वेळात माणूस यायचा आहे, या तीन बाबी यादीत त्या वस्तूसमोरच लिहून ठेवाव्यात. प्रत्येक भेटीची स्लिप मागून घ्यावी आणि तिच्यावर आपला वस्तू क्रमांक लिहूनच सही करावी. कराराचे नूतनीकरण करताना ठरलेल्या चारपैकी दोनच भेटी झाल्या, हे तारखांनिशी दाखवता आले की दराची बोलणी वेगळ्या पातळीवर होतात. तोंडी सांगितले तर ‘आमचा माणूस आला होता’ एवढेच उत्तर मिळते.

नियमित देखभालीचे वेळापत्रक नाशिकच्या हवामानानुसार कसे आखावे?

फेब्रुवारी संपण्यापूर्वी एसीची सफाई उरकावी. मार्च लागला की मिस्त्री लोकांच्या तारखा मिळत नाहीत. एसीची आतली जाळी दर महिन्याला आपल्याच माणसाने धुवावी, त्यासाठी कोणाला बोलवावे लागत नाही. मे महिन्यात गच्चीवरील पन्हाळी आणि पावसाच्या पाण्याचे पाइप साफ करून घ्यावेत, खिडक्यांच्या फटी पाहाव्यात आणि अर्थिंगची तपासणी विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावी. निचऱ्याच्या नळ्या पहिल्या पावसाआधी एकदा आणि श्रावणात एकदा पाहाव्यात.

यूपीएसच्या बॅटऱ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण सर्वाधिक दुर्लक्ष त्यांच्याकडेच होते. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य साधारणपणे २५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून सांगितलेले असते आणि तापमान त्याहून दहा अंशांनी सतत वर राहिले, तर ते जवळपास निम्म्यावर येते असा या क्षेत्रातील ठोकताळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीजवळ जातो, आणि आपल्याकडे बॅटऱ्या बहुधा जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवलेल्या असतात. चार-पाच वर्षे टिकेल असे सांगून घेतलेली बॅटरी दोन-अडीच वर्षांतच बसते, त्याचे एक मोठे कारण हे कपाट आहे. बॅटऱ्या हवा खेळती असलेल्या जागी हलवाव्यात, बसवल्याची तारीख प्रत्येक बॅटरीवर मार्करने लिहावी आणि तीन महिन्यांतून एकदा, सर्वांनी कामे सेव्ह केल्यावर, मुख्य वीज बंद करून यूपीएस किती मिनिटे टिकतो ते घड्याळ लावून नोंदवावे. चाळीस, पस्तीस, अठरा असे आकडे एकाखाली एक आले की पुढच्या पावसाळ्यात काय होणार ते आधीच समजते.

अग्निशामक सिलिंडरचा काटा दर महिन्याला पाहावा. तो हिरव्या पट्ट्यात असला पाहिजे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू आहे, त्यांच्या मालकांना किंवा भोगवटादारांना अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यावे लागते. हे दोन महिने वेळापत्रकात लाल शाईने लिहावेत. कार्यालय भाड्याच्या जागेत असेल, तर हे काम इमारतीची सोसायटी करते की आपण, हे लेखी विचारून घ्यावे.

घरी नेलेल्या लॅपटॉपची नोंद कशी ठेवावी?

देताना लॅपटॉप, चार्जर आणि बॅग यांचा वेगवेगळा उल्लेख असलेल्या पावतीवर सही घ्यावी आणि स्क्रीन सुरू असताना एक फोटो काढून ठेवावा. नोकरी सोडताना शेवटच्या हिशेबाआधी त्याच पावतीवर परतीची सही घ्यावी. चार्जर परत न येणे ही सर्वांत नेहमीची तक्रार असते आणि ती फक्त पावतीवर चार्जर वेगळा न लिहिल्याने उद्भवते.

दुरुस्त करावे की नवीन घ्यावे, हे कसे ठरवावे?

त्या वस्तूच्या क्रमांकासमोरील मागील बारा महिन्यांचा खर्च एकत्र करावा. तो आणि समोर आलेल्या नव्या दुरुस्तीचा अंदाज मिळून नव्या वस्तूच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर मी नवीन घेण्याची शिफारस करते. हा माझा स्वतःचा नियम आहे आणि त्याला अपवाद आहेत : चांगल्या लाकडाचे जुने टेबल कितीही वेळा पॉलिश करावे, ते परवडते, याउलट सुटे भाग मिळेनासे झालेल्या प्रिंटरवर एक रुपयाही घालू नये.

हिशेबनिसाकडे मालमत्तेची यादी असतेच. मग दुसरी कशासाठी?

ती यादी बिलांवरून तयार होते, आपली यादी वस्तूंवरून. तीस खुर्च्यांचे एक बिल हिशेबात एकच ओळ असते. आपल्याकडे त्या तीस ओळी असतात. दोन्हींचा मेळ बसावा म्हणून बिल क्रमांकाचा रकाना आहे. घसाऱ्याची आयुर्मर्यादा ही हिशेबाची बाब आहे, हेही लक्षात असावे : कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत वापरकर्त्यांचे संगणक व लॅपटॉप यांच्यासाठी ३ वर्षे, कार्यालयीन उपकरणांसाठी ५ वर्षे आणि फर्निचरसाठी १० वर्षे धरली आहेत. हिशेबात शून्याजवळ आलेला संगणक टेबलावर चालू असतो, तोवर तो आपल्या यादीत राहिलाच पाहिजे.

प्रत्यक्ष पडताळणी किती वेळा करावी?

वर्षातून एकदा, मार्चअखेरच्या धावपळीत न अडकता, फेब्रुवारीत. लॅपटॉपसारख्या फिरत्या वस्तूंची सहा महिन्यांनी.

भंगारात काढलेल्या वस्तूंचे काय करावे?

यादीतील ओळ पुसू नये. तिच्यासमोर काढल्याची तारीख, कोणाला दिली आणि किती रक्कम आली हे लिहावे. इलेक्ट्रॉनिक वस्तू दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नयेत. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर अशा नोंदणीची व्यवस्था आहे. बॅटऱ्यांसाठी २०२२ चेच वेगळे नियम आहेत. नवीन बॅटरी घेताना जुनी त्याच विक्रेत्याला परत देऊन तिची पावती घेणे हा सोपा मार्ग. संगणक देण्यापूर्वी त्यातील हार्ड डिस्क काढून घ्यावी. नुसते फॉरमॅट केल्याने ग्राहकांची माहिती पूर्ण जात नाही.

सगळे करून पाहिले, तरी लोक तक्रारी नोंदवतच नाहीत. काय करावे?

आधी नोंदवायला किती वेळ लागतो ते स्वतः मोजावे. फॉर्ममध्ये चारपेक्षा अधिक प्रश्न असतील तर ते कमी करावेत. वस्तूचा क्रमांक, अडचण, नाव आणि काम थांबले आहे का, एवढेच विचारावे. फॉर्मचा क्यूआर कोड प्रत्येक खोलीच्या दारामागे आणि प्रिंटरवर चिकटवावा. जे लिहीत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी वाट ठेवावी. आमच्याकडे चहा-पाणी आणि साफसफाई पाहणाऱ्या मावशींना कोणता नळ गळतो आणि कोणता पंखा आवाज करतो हे सर्वांत आधी कळते, पण फॉर्म भरणे त्यांना अवघड जाते. म्हणून रोज सकाळी साडेदहाला मी त्यांना विचारते आणि त्या सांगतील ते त्यांच्या नावाने नोंदवते.

आणि दर सोमवारी सूचनाफलकावर मागील आठवड्यात बंद झालेल्या तक्रारींची यादी लावावी, सांगणाऱ्याच्या नावासह. पहिल्या सोमवारी आमच्या फलकावर तीन ओळी होत्या, त्यांतली एक मावशींची : ‘जिन्यातील दिवा, वस्तू ००८७, बदलला.’ त्यांनी ती मुलीला दाखवायला तिचा फोटो काढून नेला, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या आधीच येऊन मागच्या बाजूच्या गळक्या नळाविषयी सांगितले.